मायच्या पाटाचा फोटो

मामाच्या मळ्यात सकाळ आधी नाकाला कळायची आणि मग डोळ्यांना. शेवंतीचा किंचित कडसर वास, ओल्या मातीचा वास, गोवऱ्यांच्या धुराचा वास, आणि त्या सगळ्यांवर मामीच्या तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा. मी गोधडीत डोळे मिटून पडायची आणि एकेक वास ओळखत राहायची. तेवढ्यात विहिरीवर मोट सुरू व्हायची. लाकडी चाक कुरकुरायचं, बैलांच्या गळ्यातले घुंगरू दूर जायचे आणि पुन्हा जवळ यायचे, आणि दर खेपेला थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी हौदात, पाणी असं धपकन पडायचं की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. मळा अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत होता. अर्ध्यात भाजी, अर्ध्यात फुलं. झेंडू, शेवंती, गुलछडी, आणि बांधाच्या कडेनं मोगऱ्याची एक लांब ओळ. आता तिथं कॉलनी झाली आहे. मागच्या खेपेला लेकानं मला तिथून स्कूटरवर नेलं, तर विहीर कुठं होती तेही मला सांगता आलं नाही.

मी तीन वर्षांची असताना माझा बाप तापानं गेला. मला त्याचं काहीच आठवत नाही. माय मला कडेवर घेऊन आपल्या थोरल्या भावाकडे, किसनमामाकडे आली आणि तिथलीच झाली. मामाला मूलबाळ नव्हतं. तो मला खांद्यावर बसवून वाफे दाखवायचा, मामी माझ्या वेण्या घालायची, आणि मामाची विधवा आत्या, सखूआत्या, मला दुपारी शेंगदाणे भाजून द्यायची. कशाची कमी नव्हती. दुपारी सगळे चिंचेखाली जेवायला बसत. भाकर, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि थंडीच्या दिवसांत मामी तुरीच्या दाण्यांची आमटी करायची, ती मी हातावर घेऊन चाटायची. जेवण झालं की माय छपरीत बसून फुलं ओवायला घ्यायची. अमरावतीतल्या लग्नांचे हार, वेण्या, मुंडावळ्या आमच्याकडून जात. मायची बोटं इतकी चपळ होती की दोरा दिसायचाच नाही, फुलंच एकामागून एक चालत जात आहेत असं वाटायचं. हातांना रात्रंदिवस मोगऱ्याचा वास. केसांत मात्र कधी एक कळी नाही. लग्नघरचं माणूस हार न्यायला आलं की ती टोपली मामाच्या हाती द्यायची आणि स्वतः छपरीच्या मागच्या बाजूला जायची. मला वाटायचं, तिला लाज वाटत असेल. विधवेनं शुभकार्याच्या माणसासमोर येऊ नये ही भानगड मला फार उशिरा कळली.

भुरी कुत्री माझी होती. बाजारातून वांग्यांच्या रिकाम्या टोपल्या परत आल्या तेव्हा एका टोपलीच्या तळाशी ती निघाली, माझ्या ओंजळीएवढी, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. मामा म्हणाला, ठेवू नको, कोंबड्या खाईल. मी तिला भाकरीचा काला भरवला आणि ती माझ्या मागं लागली ती कायमची. शाळेच्या रस्त्यावर अर्ध्यापर्यंत यायची आणि संध्याकाळी त्याच जागी बसलेली असायची. माझी नात परवा हे ऐकून हसली. तिच्या लग्नात तिच्या कुत्र्याला शेरवानीसारखा कोट घातला होता, आणि अल्बममध्ये नवऱ्याच्या आईपेक्षा त्या कुत्र्याचेच फोटो जास्त आहेत. म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असं काही नसायचं ना?" मी म्हणाले, "माझ्या मायच्या लग्नाच्या फोटोत मी आहे आणि माझी कुत्रीही आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू वयानं माझं डोकं चालेनासं झालं आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्यात विधवेला दुसरं घर करता येत असे. त्याला पाट लावणं म्हणत. लग्न मात्र कोणी म्हणत नसे. ना मांडव, ना वाजंत्री. अंधार पडल्यावर चार पुरुष आणि एक-दोन विधवा बाया जमत, नवं लुगडं, गळ्यात मणी, कपाळाला कुंकू, आणि उजाडायच्या आत ती बाई नव्या घरी. सवाष्णींनी ते पाहायचं नाही. लेकरांनी तर नाहीच. पहिल्या नवऱ्याचं लेकरू मागं राहायचं, आजोळी किंवा काकांकडे. कोणी वाईट म्हणून तसं करत नव्हतं. तशीच रीत होती, आणि रीत आहे म्हटल्यावर कोणी पुढं विचारत नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा अकोल्याहून सदाशिवराव आले. मोर्णा नदीच्या काठाला त्यांचा भाजीचा मळा होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पाच वर्षांचा एक मुलगा होता, बंडू. हडकुळा, उंच माणूस, पांढरा सदरा, बोलायला फार हळू. बोलण्याआधी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालायचे. ते आमच्या चिंचेखाली बसले, पाणी प्यायले, मामाशी मिरचीच्या रोपांबद्दल बोलत राहिले. मी आणि भुरी पलीकडे थारोळ्यात पाय सोडून बसलो होतो. त्यांनी मामीला विचारलं, "हे पोट्टी कोनाची?"

"वन्सचीच," मामी म्हणाली. "ते अठीच राहीन. तुमी तिची चिंता नका करू."

सदाशिवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मला 'अठीच राहीन' एवढंच ऐकू आलं. मी रोज तिथंच तर राहत होते, मग ते सांगायची गरज का पडली, असं वाटून गेलं. अर्थ कळला दोन दिवसांनी. विहिरीच्या दगडावर मामी आणि सखूआत्या कपडे धूत होत्या. आत्या म्हणाली, "यमुनेचं भलं होईन. पोट्टीले आपण पाहू. चार दिवस रडन, मंग इसरून जाईन." मी गुलछडीच्या वाफ्यात बसले होते. ते 'इसरून जाईन' नेमकं कोणाबद्दल होतं, माझ्या की मायच्या, ते मला ठरवता आलं नाही. उभ्या फुलांच्या मधून आकाश दिसत होतं, त्यात एक घार पंख न हलवता फिरत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले, किती वेळ ते माहीत नाही. रडू आलं नाही. त्यानंतर मी जेवायचं सोडलं. म्हणजे ताट घेऊन चिंचेमागं जायची आणि भाकर भुरीला द्यायची. भुरी त्या आठवड्यात चांगली गुबगुबीत झाली.

मायनं मला काही सांगितलं नाही. तिलाही कोणी काही विचारलं नव्हतं, हे मला आता कळतं. ती फुलं ओवत राहिली, पण मध्येच हात थांबायचे आणि ती मोगऱ्याच्या ओळीकडे पाहत बसायची, मग दचकून पुन्हा सुई उचलायची.

सदाशिवराव दुसऱ्यांदा आले ते दिवस ठरवायला. मामानं चटई टाकली. सखूआत्या भिंतीशी बसली होती, मामी चहा करत होती. अमावास्येच्या आसपासची एक रात्र ठरत होती. तेव्हा माय छपरीतून बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतला होता, हातात अर्धी ओवलेली वेणी तशीच होती. ती सरळ येऊन चटईच्या कडेला उभी राहिली. मामा म्हणाला, "यमुने, तू कावून आली?"

माय मामाकडे न पाहता सदाशिवरावांना म्हणाली, "मले एक सांगायचं होतं. मी पोरीले टाकून येनार नाई. तुमाले चालत असन तर पाहा. नाई तर मी अठी बरी आहे."

चुलीवर चहा उतू गेल्याचा चरचर आवाज आला आणि मामी धावली. मी दाराआड होते. मला काय झालं कोण जाणे, मीही बाहेर आले आणि म्हणाले, "भुरीशिवाय मी नाई येत."

मामाच्या चेहऱ्यावर राग आणि हसू एकदमच आलं. सदाशिवरावांनी टोपी काढली. या वेळी ती हातातच ठेवली.

"मी तेच बोलाले आलो होतो," ते मामाला म्हणाले. "पोरीले नेऊ द्या. आन कुत्र्याचं काय, भाकर खाते, राखन करते. येऊ द्या." मग म्हणाले, "आनखी एक होतं, किसनभाऊ. मले फोटो काढायचा आहे."

"कायचा फोटो?"

"पाटाचा. आमी दोघं, बंडू, हे पोरगी. घरात जे जे राहतीन ते सारे."

सखूआत्यानं तोंडाला पदर लावला. मामा म्हणाला, "सदाशिवराव, पाटाचा फोटो कोनी काढते काय? आन त्याच्यात पोट्टे? लोक हासतीन."

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं अनेकदा मनात ऐकलं आहे. ते म्हणाले, "बंडूच्या मायचा एकही फोटो नाई. पोरगं तीन वर्षाचं होतं, ते गेली तेव्हा. आता इचारते, माही माय कशी होती? मी सांगतो, गोरी होती, उंच होती. त्याच्या डोक्यात काहीच येत नाई. काल मले म्हने, बाजूच्या काकूसारखी होती काय? मी काय सांगू त्याले?" मग आवाज आणखी खाली गेला. "कोनाचं काय सांगता येते, भाऊ. या खेपेले सगळ्यांचे तोंड कागदावर राहू द्या."

मामा उठून विहिरीकडे गेला. बराच वेळ तिथं उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "फोटोवाला मी आनतो."

फोटोवाले होते रशीदचाचा. अमरावतीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं, आत कमळांच्या तळ्याचा रंगवलेला पडदा. मामाकडून ते ईदेला फुलं नेत, म्हणून ओळख. ते सायकलवर मळ्यात आले, चिंचेखाली उभे राहून हातानं डोळ्यांवर सावली धरून इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "टाइम कोनता?"

"दिवे लागल्यावर," मामा म्हणाला.

"अंधारात काढता येते. पावडर जाळावी लागते. ढम्मकन उजेड पडते, धूर होते. मोठे मानसं उभे राहतेत. पन लेकरं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भुरीकडे. "आन हे जनावर? हे तर थेट बडनेऱ्यालेच पळन. पोट्टे आन कुत्रं पाहिजेन तर दिवसा करा, किसनभाऊ. तीन-चार वाजता. ऊन तिरपं असते, तोंडं चांगले येतेत."

दिवसा पाट आमच्या कोणाच्या ऐकण्यात नव्हता. मामानं अकोल्याला निरोप धाडला. उत्तर आलं, दिवसा तर दिवसा. अशा रीतीनं, एका कुत्रीला भडक्याची भीती वाटेल म्हणून, माझ्या मायचा पाट माघातल्या एका दुपारी, लख्ख उन्हात ठरला. मामाच्या नात्यातल्या निम्म्या लोकांनी येणार नाही म्हणून सांगितलं. मामीनं स्वयंपाक आटोपशीर ठेवला. पुरण, कढी, भजी, आणि मामाला आवडते म्हणून पाटवड्यांची रस्साभाजी.

तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो, पाण्याखालच्या वस्तू दिसाव्यात तसा. शेवंती ऐन भरात होती. पिवळं सगळं इतकं उजळलं होतं की घराच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची पिवळट झाक पडली होती. पाटाभोवती सखूआत्यानं रांगोळी नाही घालायची म्हणून सांगितलं होतं, तर वाऱ्यानं पाकळ्याच येऊन पडत होत्या. सदाशिवरावांनी आणलेलं डाळिंबी लुगडं माय नेसली. मी तिला कधी रंगात पाहिलं नव्हतं. ती आतल्या खोलीत आरशासमोर बसली होती आणि स्वतःकडे न पाहता आरशाच्या चौकटीकडे पाहत होती. मामी सवाष्ण, तिनं त्या खोलीत यायचं नव्हतं. ती दारापर्यंत दोनदा आली आणि परत गेली. तिसऱ्यांदा आत आली. हातात मोगऱ्याचा गजरा होता, माघात मोगरा नसतोच म्हणा, पण ओळीच्या टोकाला दोन-तीन झाडांवर आडवेळी कळ्या आल्या होत्या, त्या सगळ्या तिनं खुडल्या होत्या. मायच्या मागं बसून ती म्हणाली, "वन्स, मान खाली करा." मायनं मान खाली केली. मामी गजरा माळू लागली. बाहेरून सखूआत्याची हाक आली, मामीला. मामीनं ओ दिली नाही.

अकोल्याहून चार माणसं आली. सदाशिवरावांच्या मागं, त्यांचं धोतर मुठीत धरून, बंडू. एवढंसं तोंड, डोळेच मोठे. तो कोणाकडे पाहत नव्हता. मायनं त्याच्यापुढं गुळाचा खडा धरला, तर त्यानं धोतरात तोंड खुपसलं. भुरी आली, त्याच्या पायांचा वास घेतला आणि तिथंच बसली. त्यानं धोतराआडून एक डोळा बाहेर काढला.

मी खुश व्हायला हवं होतं. होतेही. पण पाट लागायच्या थोडं आधी सखूआत्यानं मला कोठीच्या खोलीत बोलावलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ती खरंच भ्यालेली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "कमले, तू शहाणी आहे. फोटोत नको उभी राहू. मायच्या पाटात पहिलं लेकरू दिसलं तर तिले धार्जिनं नाई. तिच्या जिवाले काही झालं तर तूच रडशीन. सांग, पोटात दुखते."

मी मान हलवली. भुरीला घेतलं आणि मळ्याच्या पार टोकाला, शेवंतीच्या शेवटच्या वाफ्यात जाऊन आडवी झाले. तिथून घराचं छप्पर तेवढं दिसत होतं. भुरीच्या पोटावर डोकं ठेवलं की तिचा श्वास कानात यायचा. मधमाश्या डोक्यावरून जात होत्या. दूर माणसांची बोलणी, मध्येच भांड्याचा आवाज, मग एकदम शांतता. त्या शांततेत पाट लागला असावा. मला वाटलं, आता माय जाईल आणि मी इथंच या वासात राहीन, आणि हळूहळू मीही एक शेवंतीचं झाड होईन. नऊ वर्षांच्या मुलीला असंच वाटतं. ते वाटणं दुःखाचं नव्हतं, झोपेसारखं होतं. डोळे जड झाले.

मग हाका सुरू झाल्या. आधी मामाची, मोठी. मग मामीची. रशीदचाचांची, "बेटा, ऊन चाललं." मी भुरीचं तोंड हातानं धरलं. मग हाका थांबल्या, आणि वाफ्यांमधून सळसळ आली.

माय होती. कपाळावर ओलं कुंकू, गळ्यात नवे काळे मणी, डाळिंबी लुगड्याचा काठ चिखलात भरलेला. पाटावरून उठलेल्या बाईनं तोंड झाकून आत बसायचं असतं. ती सगळ्या माणसांसमोरून उठून, उघड्या तोंडानं, उन्हातून पूर्ण मळा ओलांडून आली होती. माझ्याशेजारी मातीत बसली.

"कावून लपली?"

तिनं वाट पाहिली. तिला घाई नव्हती, हे मला अजून आठवतं. तिकडे ऊन उतरत होतं, माणसं खोळंबली होती, आणि ती माझ्या केसांतून शेवंतीच्या काड्या काढत बसली होती.

"मी फोटोत दिसली तर तुले काही होईन," मी शेवटी म्हणाले.

"कोन म्हने?"

मी सांगितलं नाही. तिला कळलं असावं. ती थोडा वेळ घराच्या छपराकडे पाहत राहिली.

"तुह्या बापाच्या टायमाले मी सारं पाळलं," ती म्हणाली. "उपास केले, नवस केले, जे जे सांगतलं ते ते केलं. तरी तो गेला. आता मले पाळनं नाई होत, कमे. तू नसली तं मात्र होईन मले काहीतरी. हे मले पक्कं मालूम आहे. चाल."

तिनं हात पुढं केला. मी तो धरला. तेवढ्यात भुरी सुटून पुढं पळाली, आणि वाफ्याच्या तोंडाशी थबकली, कारण तिथं बंडू उभा होता. तो मायच्या मागोमाग आला होता की कुत्रीच्या शोधात, ते आजही तो धड सांगत नाही. त्यानं भुरीच्या पडलेल्या कानाला हात लावला आणि मला विचारलं, "याले काय झालं?"

"तसाच आहे," मी म्हणाले.

एवढंच आमचं पहिलं बोलणं. पुढं आम्ही साठ वर्षं भांडलो. अजून फोनवर भांडतो.

रशीदचाचांनी आम्हाला चिंचेच्या सावलीबाहेर उभं केलं. दोन खुर्च्या, त्यांवर सदाशिवराव आणि माय. मी मायच्या बाजूला, बंडू बापाच्या गुडघ्यांत. मध्ये भुरी. चाचा काळ्या कापडाखाली गेले. तीन लाकडी पाय, माणसाचे दोन पाय आणि वर डोकं नसलेलं कापड, हे पाहून भुरी उठली आणि भुंकत जाऊन त्या कापडात घुसली. कापडाच्या आत धडपड झाली. चाचा उलट्या बाजूनं बाहेर आले, टोपी गेलेली. बंडू हसला. बारीक, न वापरलेला आवाज होता तो. सदाशिवरावांनी चटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. भुरीला परत आणून बसवलं. ती पुन्हा उठू लागली तेव्हा बंडू बापाच्या गुडघ्यांतून निघाला, मायच्या पायांशी जमिनीवर बसला आणि त्यानं भुरीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

"बस," चाचा म्हणाले. "असंच. कोनी हलू नका. बाई, लेन्सकडे पाहा."

फोटोचं ऊन संपत आलं होतं. झाकण काढल्याचा हलका आवाज आला. मी श्वास धरला. चिंचेचं एक बारीक पान माझ्या हातावर येऊन पडलं ते मी झटकलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग झाकण पुन्हा बसलं.

सखूआत्या छपरीच्या खांबाशी उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते. नंतर पंगतीत तिनं माझ्या पानात स्वतःच्या हातानं पुरण वाढलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून आम्ही पॅसेंजरनं अकोल्याला गेलो, भुरी गार्डाच्या डब्यात. प्रत्येक स्टेशनावर बंडू उतरून तिला पाहून यायचा आणि सदाशिवराव त्याच्या मागं धावायचे. बंडू त्यांना 'भाऊ' म्हणायचा, मीही हळूहळू तेच म्हणू लागले. मायला मात्र बंडू काहीच म्हणत नसे. समोर जायचा नाही, मागायचा नाही. भूक लागली, तहान लागली की माझा परकर ओढायचा. मायनं कधी त्याला जवळ ओढलं नाही. ताट वाढून ठेवायची आणि बाजूला व्हायची.

महिन्याभरानं मामा फोटो घेऊन आला, काचेच्या चौकटीत. पुढं आमच्या घरात रंगीत फोटोही आले, पण त्यांतला एकही कोणी इतका वेळ पाहिला नाही. भाऊ ताठ बसले आहेत. मी खांदे उचलून श्वास धरलेली. बंडूचे हात भुरीच्या गळ्यात, आणि भुरीला ऐन वेळी डोकं हलवल्यामुळं दोन तोंडं आलेली, त्यांत तीन कान. आणि माय हसते आहे. तोंड मिटून नव्हे, दात दिसताहेत. तिनं फोटो उजेडाला नेला. "मी हासून राहिली होती?" असं तिनं मामाला विचारलं. मामा हो म्हणाला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

भाऊंनी तिला संकोच नको म्हणून आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीवर खिळा ठोकायला घेतला. माय म्हणाली, "तठी कावून? समोर लावा."

"येनारे-जानारे इचारतीन," भाऊ म्हणाले.

"इचारू द्या. मी सांगीन."

समोरच्या खोलीतच सकाळी आमची भाजी विकली जायची. दुसऱ्याच दिवशी गल्लीतली एक बाई मेथी घ्यायला आली, जुड्या उलटसुलट करता करता तिची नजर वर गेली आणि तिथंच राहिली. मी पालकाच्या मुळ्या खुडत होते. बंडू उंबऱ्यावर बसून भुरीच्या पायातला काटा शोधत होता. "हे कोन कोन आहे बाई?" तिनं विचारलं. मायनं तराजू खाली ठेवला, पदराला हात पुसले, उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे आमचे मालक," ती म्हणाली. "हे मी. हे माही मोठी, कमल. हा माहा लहाना, बंडू. आन हे भुरी."

बाईनं मान डोलावली, मेथी घेतली आणि गेली. मायनं पुन्हा तराजू उचलला. बंडूनं भुरीचा पाय सोडून दिला होता आणि तो फोटोकडे पाहत होता, मग मायकडे, मग पुन्हा फोटोकडे. बराच वेळ. त्या दुपारी मी माठाजवळच बसले होते, तरी त्यानं पाणी तिच्याकडे मागितलं.